आत्याची साखर

माझ्या आत्याला मधुमेह झाला तो रात्री नऊ वाजून चाळीस मिनिटांनी, आणि पाचव्या दिवशी दुपारी तो कायमचा गेला. मधल्या काळात तिने ना एक गोळी घेतली, ना चहातली साखर कमी केली. सगळं घडलं ते एका कागदावर. त्याची झेरॉक्स आत्ता माझ्यासमोर आहे. डोक्यावर नोंदणी क्रमांक, खाली नाव, वय ५८, आणि मग डॉक्टरी इंग्रजीतल्या साडेतीन ओळी. दुसऱ्या ओळीत लिहिलंय की बाईंना जुना मधुमेह आहे. तो तिला नाही, कधीच नव्हता. तिचं वयही ५८ नाही, ६६ आहे, पण तो वेगळा विषय.

आत्या आदिलाबाद जिल्ह्यात राहते, पैनगंगेच्या काठाजवळ. नदी ओलांडली की यवतमाळ. घरात मराठी, बाजारात हिंदी, कचेरीत तेलुगू, आणि कापूस वेचायला येणाऱ्या बायांच्या तोंडी गोंडी नाहीतर कोलामी. मागच्या पावसाळ्यात एका संध्याकाळी तिला उभं राहवेना. "जीव घाबरा होऊन राहिला, चक्कर येऊन राहिली," एवढंच ती म्हणत होती. आम्ही तिला गाडीत घालून रुग्णालयात नेलं. कुठल्या, ते सांगत नाही. गोष्ट त्या एका रुग्णालयाची नाहीच. तिथे ईसीजी काढला, बसल्या जागी रक्तदाब पाहिला, आणि मग दीड तास बाकावर बसवून ठेवलं. सकाळी उलगडा झाला: रक्तदाबाची गोळी तिने चुकून दोनदा घेतली होती, त्यामुळे उभं राहिलं की दाब घसरत होता. हृदय ठणठणीत. घरी जाताना हातात जो कागद मिळाला त्यावर शेवटची सूचना होती, शुगरच्या गोळ्या चालू ठेवाव्यात.

"मले साकर कधी होती रे बाप्पा?" आत्या म्हणाली.

तिच्या तक्रारी दोन. एक, ताटकळत ठेवलं. दोन, नाही ते लिहिलं. दोन्हींच्या मागे लागलो तेव्हा माझा राग काही पूर्ण गेला नाही. पण त्या कागदाच्या पाठीमागे केवढा खटाटोप असतो आणि तो कुठे कुठे निसटतो हे दिसू लागलं, आणि मी चाटच पडलो.

बाकाची गोष्ट आधी. आत्यानंतर आलेल्या एका पोराला थेट आत नेलं. हात मोडलेला एक गडी ओरडून छप्पर डोक्यावर घेत होता, त्याला मात्र बाहेरच ठेवलं. आत्याला हा वशिला वाटला. पोरगा काय करत होता? काहीच नाही. गप्प पडला होता. त्याला आत नेण्याचं कारण तेच होतं. ओरडायला श्वासनलिका मोकळी लागते, छातीत हवा भरावी लागते, मेंदूला पुरेसं रक्त पोचावं लागतं. जो दणकून ओरडतो तो या तिन्ही परीक्षा सगळ्यांसमोर पास झालेला असतो. कॅज्युअल्टीतल्या अनुभवी सिस्टरचे कान म्हणून गोंगाटाकडे नसतात, शांततेकडे असतात.

या निवडीला ट्रियाज म्हणतात. शब्द फ्रेंच, आणि मूळचा दवाखान्यातला नव्हे, लोकरीच्या व्यापारातला: लोकरीची प्रतवारी करायची ती ट्रियाज. आदिलाबादच्या मार्केट यार्डात कापसाच्या गाड्यांची रांग लागते, कापसात यंत्र खुपसून ओलावा मोजतात आणि त्यावर भाव ठरतो; माल कुणाचा हे पाहून ठरत नाही, निदान ठरू नये. नेपोलियनच्या सैन्यातला शल्यविशारद दोमिनिक जाँ लारे याने जखमींच्या बाबतीत हेच केलं. आधी सरदार आणि मग शिपाई हा क्रम त्याने मोडला. ज्याची जखम जास्त जिवावरची, तो आधी. आज भिंतीवर लाल, पिवळा, हिरवा असे तीन रंग असतात आणि आलेला प्रत्येक जण दोन-तीन मिनिटांत त्यातल्या एका रंगाचा होतो. आत्या पिवळी होती. हे तिला कुणी सांगितलं नाही. रांग असते, पण रांगेत उभ्या असलेल्यालाच ती दिसत नाही. मग त्याला अन्याय तेवढा दिसतो. 'तुमचा नंबर आजारावर आहे, येण्याच्या वेळेवर नाही' एवढी एक पाटी चार भाषांत लावली तर निम्मी भांडणं मिटतील असं मला वाटतं. पाटी रंगवायला किती लागतात?

आता कागद.

आजारी माणूस बोलतो, बरोबरचा त्यात आपलं घालतो, सिस्टर ऐकते, इंटर्न लिहितो. चार पायऱ्या. आदिलाबादेत या चार पायऱ्यांवर चार भाषा उभ्या असू शकतात: कोलामी बोलणारी म्हातारी, मराठी समजणारा नातू, तेलुगू बोलणारी सिस्टर, आणि शेवटी कागदावर इंग्रजी. लहानपणी आपण कानगोष्टींचा खेळ खेळायचो तसाच हा, फरक एवढाच की शेवटच्याने जे ऐकलं त्यावर औषध मिळतं.

आत्या म्हणाली, "चक्कर येते." मराठीत आणि हिंदीत चक्कर म्हणजे चक्कर. तेलुगूत मात्र 'चक्केर' म्हणजे साखर, आणि 'चक्केर व्याधी' म्हणजे मधुमेह! रात्रीचे पावणेदहा, पंखा खडखडतोय, मागे तो गडी ओरडतोय, आणि एक पासष्टीची बाई काहीतरी चक्कर म्हणतेय. असंच घडलं असेल याचा माझ्याकडे पुरावा नाही, अंदाज आहे; आदिलाबादच्या बहुतेक सिस्टरांना चक्कर कळते. पण दमलेला कान आपल्या मातृभाषेकडे झुकतो, हा अनुभव कुणाला नाही?

एकदा हे खूळ डोक्यात शिरल्यावर मी तेलुगू शेजाऱ्यांना विचारत सुटलो. चक्कर आली तर तुम्ही काय म्हणता? 'कळ्ळु तिरुगुतुन्नाइ', म्हणजे शब्दशः डोळे फिरताहेत. आमच्याकडे कुणी डोळे फिरवले म्हटलं की घरात रडारड सुरू होते. त्यांच्याकडे लिंबूपाणी देतात. 'कळ्ळु' म्हणजे डोळे, आणि 'काळ्ळु' म्हणजे पाय. एक काना इकडचा तिकडे झाला की दुखणं टाचेपासून भुवईपर्यंत चढतं. आणि आपल्याला छातीत जी 'कळ' येते ती तेलुगू कानाला अर्ध्या डोळ्यासारखी ऐकू येणार. काही ठिकाणी मात्र दोन्ही भाषा गळ्यात गळे घालतात. दिवस गेलेल्या बाईला आपण पोटुशी म्हणतो, ते 'कडुपुतो उंदी' म्हणतात, म्हणजे पोटाने आहे. तिथे दुभाष्या लागत नाही.

सगळ्यात फसवा शब्द घाबरा. मराठीत जीव घाबरा होतो तो भीतीने होतोच असं नाही. श्वास पुरत नाही, छातीत धडधडतं, कुठेच बरं वाटत नाही, ते सगळं मिळून 'जीव घाबरा'. तेलुगूतही 'गाभरा' आहे, पण तो मनाचा. आणि इंग्रजीत उतरला की त्याची 'अँग्झायटी' होते. आत्याच्या कागदावर पहिल्या ओळीत तोच शब्द आहे. हा फरक शब्दकोशापुरता राहत नाही. हृदयविकाराच्या झटक्यात छातीत दुखण्याऐवजी नुसता श्वास अपुरा पडणं, मळमळ, दरदरून घाम असं काही होणाऱ्यांत बायकांचं प्रमाण पुरुषांपेक्षा जास्त असतं. अशा बाईचा जीव घाबरा झाला आणि कागदावर ती नुसती घाबरलेली ठरली, तर? आत्याच्या बाबतीत ईसीजी वेळेवर काढला गेला. छातीच्या तक्रारीत तो आल्यापासून दहा मिनिटांत निघावा असा दंडक आहे, आणि शब्द चुकला तरी यंत्र चुकू नये म्हणूनच असे दंडक असतात. तेवढं श्रेय त्या रुग्णालयाला द्यायला हवं.

दुखण्याच्या शब्दांचं माँट्रियलच्या रोनाल्ड मेलझॅक यांना इतकं कुतूहल होतं की ते रुग्णांच्या तोंडचे शब्द गोळा करत राहिले. १९७५ साली त्यांनी त्यातून ७८ शब्दांची, २० गटांत लावलेली प्रश्नावली केली. दुखणं किती, याच्याइतकंच दुखणं कसं, यालाही महत्त्व आहे, हे त्यांचं म्हणणं; कारण नस दुखावली तर एक शब्द येतो, आतडं पिळवटलं तर दुसरा. मी आत्याला घेऊन बसलो आणि मराठी यादी करायला लागलो. ठणका, कळ, चमक, उसण, शिणक, आग, चुरचुर, टोचणी, मुरडा, कणकण, हुळहुळ, ठसठस, सलणं, मुंग्या. आणि डोकं? डोकं ठणकतं, भणभणतं, जड होतं, उठतं, नुसतं धरतं. ठसठस म्हटलं की आत पू आहे हे आमच्या आजीला न पाहता कळायचं. ही सगळी संपत्ती इंटर्नच्या टेबलाशी पोचते आणि 'पेन' या एका शब्दात जमा होते. शंभराची मोड देऊन एकच नाणं परत घ्यावं तसं.

वेळेचंही तसंच. "कधीपासून होतंय?" "दिवेलागणीपासून." कागदावर सात वाजले असं येतं. आदिलाबादला जूनमध्ये सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरात पावणेसहाच्या आगेमागे. तासभराचा फरक. पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूतली गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि ते तास रुग्ण शेवटचा धडधाकट कधी दिसला तिथून मोजतात. नागपूर इथून जवळपास दोनशे किलोमीटर. म्हणजे दिवेलागण कुठल्या महिन्यातली, यावर उजवा हात परत हलणार की नाही हे ठरू शकतं. हे लक्षात आल्यापासून मी घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवलंय: काही झालं की आधी घड्याळ बघा. सगळे हसतात.

नाव तरी धड उतरतं का? नदीपल्याडच्या यवतमाळात सविता इंग्रजीत लिहिताना टी नंतर थेट ए येतो. नदीच्या अलीकडे मध्ये एक एच घुसतो, कारण दक्षिणेत 'त' असाच लिहितात. माणसाला दोन्ही वाचताना सविताच दिसते. संगणकाला दोन बायका दिसतात. वर मराठी माणूस स्वतःचं, बापाचं, मग आडनाव सांगतो. तेलुगू पद्धतीत घराण्याचं नाव आधी, आणि तेही बहुधा एका अक्षरात. गंमत म्हणजे या आजारावर उतारा शंभर वर्षांपूर्वी निघालाय. अमेरिकेतल्या रॉबर्ट रसेल यांनी १९१८ साली एका पद्धतीचं पेटंट घेतलं. पुढे रूढ झालेलं तिचं रूप असं: पहिलं अक्षर ठेवा, स्वर गाळा, एच गाळा, सारख्या उच्चाराच्या व्यंजनांना एकच आकडा द्या. साउंडेक्स म्हणतात तिला, अमेरिकी जनगणनेची नावं तिच्यावर लावली गेली. मी वहीत करून पाहिलं. उत्तरेची सविता एस १३०, दक्षिणेची सविताही एस १३०. दोघी बहिणी भेटल्या!

पत्त्याची कथा याहून अवघड. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबाद जिल्ह्याचे चार जिल्हे झाले. जुन्या फायलीत आदिलाबादचा असलेला माणूस घर न हलवता निर्मल, मंचेरियाल किंवा आसिफाबादचा झाला. त्याआधी १९५६ मध्ये किनवट इथून निघून नांदेडला गेलं होतं. आणि जिवतीच्या डोंगरातली ती चौदा गावं, ज्यांच्यावर महाराष्ट्र आणि तेलंगण दोघेही हक्क सांगतात, तिथे एकाच घरात दोन राज्यांची रेशनकार्डं आणि दोन मतदार ओळखपत्रं असतात. अशा घरातला माणूस रात्री अत्यवस्थ झाला तर घाईत जे कार्ड हाताला लागेल त्या राज्याचा तो ठरतो.

एका माणसाची एकच फाईल असावी, हा विचारही काही सनातन नाही. पूर्वी डॉक्टर आपापल्या वह्यांत लिहीत. तुम्ही तीन डॉक्टरांना दाखवलंत तर तुमचे तीन तुकडे तीन वह्यांत पडून राहत. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये हेन्री प्लमर यांनी १९०७ साली प्रत्येक रुग्णाला एक क्रमांक आणि एक पाकीट दिलं, आणि तो माणूस कागदावर पहिल्यांदा अखंड झाला. त्याचा तोटा असा की एकदा पाकिटात गेलेली चूकही अखंड राहते. आत्याचा मधुमेह रात्री एकाने लिहिला, वॉर्डातल्याने तो उतरवून घेतला, सकाळी घरी सोडणाऱ्याने वॉर्डातलं वाचून गोळ्या चालू ठेवायला सांगितलं. तिघांपैकी कुणी खोटारडा नव्हता. संगणक आल्यावर हे थांबेल असं वाटत असेल तर ऐका: कॅलिफोर्नियातल्या एका मोठ्या रुग्णालयातल्या २३ हजारांवर नोंदी २०१७ साली तपासल्या, तर त्यातला फक्त १८ टक्के मजकूर हाताने टाइप केलेला निघाला. बाकीचा मागचा उचलून डकवलेला, नाहीतर यंत्रानेच आणून ओतलेला.

कागदावरचे काही शब्द तर चूक नसतानाही जिव्हारी लागतात. अपघाताच्या केसपेपरवर 'अलेज्ड' लिहिलेलं असतं, म्हणजे कथित. पोरगा रक्तबंबाळ समोर पडलाय आणि डॉक्टर म्हणतो कथित अपघात? त्याचा अर्थ इतकाच की डॉक्टरने अपघात स्वतः पाहिलेला नाही, ऐकलंय. उलट 'तोंडाला दारूचा वास' हे तीन शब्द सहज लिहिले जातात आणि विम्याचा दावा घेऊन बुडतात. मोहाच्या दारूच्या मुलखात तर ते आणखी सहज लिहिले जाण्याची भीती. खऱ्या मधुमेह्याची साखर फार चढली की त्याच्या श्वासालाही आंबूस गोडसर वास येतो, आणि तो दारूचा वाटू शकतो. आणि मग 'लामा'. वैद्यकीय सल्ला डावलून रुग्णाला नेलं, असा त्या इंग्रजी आद्याक्षरांचा अर्थ; काही ठिकाणी 'डामा' म्हणतात. रात्री दोन वाजता कुणीतरी हळूच सांगतं, इथे काही होणार नाही, नागपूरला न्या. नातेवाईक गाडी ठरवतात, दाखवलेल्या जागी सही करतात. त्यांच्या हिशेबी दवाखान्याने पाठवलं. कागदाच्या हिशेबी ते स्वतः पळवून घेऊन गेले. ही सही करण्याआधी 'यावर काय लिहिलंय ते मराठीत वाचून दाखवा' एवढं म्हणायचा तुम्हाला हक्क आहे, आणि ते मी वाटेल त्याच्याशी भांडून सांगेन.

कागद आणि घडलेली गोष्ट यांच्यातली सर्वांत ताणलेली लढाई मला सापडली ती कोकणात सुरू झालेली. ६ मे १९५३. रत्नागिरी जिल्ह्यातल्या पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर वीस वर्षांच्या एका मुलाच्या डाव्या मांडीचं हाड मोडलं. वेळ? सर्वोच्च न्यायालयाच्या निकालपत्रात लिहिलंय, सूर्यास्ताच्या सुमारास. आमची दिवेलागण तिथवर पोचलेली पाहून मला गहिवरूनच आलं. किनाऱ्यापासून घर दीड मैल, खाट आणून त्याला उचलून नेलं. गावातल्या डॉक्टरने पायाला लाकडी फळ्या बांधल्या. मग टॅक्सीने रात्री एकला निघून दोनशे मैलांचा प्रवास करून ९ तारखेला सकाळी साडेअकराला पुणे. इथपासून निकालपत्राचं घड्याळ नेमकं चालायला लागतं. सव्वादोनला रुग्णालयात दाखल. मॉर्फियाची दोन इंजेक्शनं तासाच्या अंतराने द्यायला सांगितली. दिलं गेलं एक. साडेपाचला प्लास्टर घालून खोलीत आणलं. वडील स्वतः दौंडला डॉक्टरी करणारे. सातपर्यंत मुलगा गुंगीतून बाहेर येईल असं ऐकून ते परत गेले. आई खाटेशी बसून राहिली. साडेसहाला तिच्या लक्षात आलं की त्याला श्वास घ्यायला त्रास होतोय, खोकला येतोय. नऊ वाजता तो गेला.

रुग्णालयाच्या दाखल्यावर कारण आलं: फॅट एम्बॉलिझम, म्हणजे मोडल्या हाडातली चरबी रक्तात जाऊन अडकणं. असं खरोखर होतं, तो काही बनवलेला आजार नव्हे. आईवडिलांचं म्हणणं वेगळं होतं. पुरेशी भूल न देता, तीन माणसांच्या मदतीने जोर लावून पाय ओढला आणि त्या धक्क्याने पोर गेलं. एका बाजूला दाखला, दुसऱ्या बाजूला एका आईने पाहिलेलं. खालच्या दोन्ही न्यायालयांनी आईवडिलांचं म्हणणं मानलं, तीन हजार रुपये नुकसानभरपाई ठरली, आणि २ मे १९६८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. पंधरा वर्षं लागली. डॉक्टरने कोणती काळजी घ्यायला हवी यासाठी भारतभरातले वकील अजून लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्रिंबक बापू गोडबोले हा खटला काढतात. मी वाचताना पुनःपुन्हा थांबतो तो साडेसहाच्या नोंदीवर. त्या संध्याकाळची पहिली खरी वैद्यकीय नोंद आईच्या डोळ्यांनी केली होती. तिच्यासाठी केसपेपरवर रकाना नव्हता, आजही नसतो.

हा कागद बघायला मिळणं हीसुद्धा मेहेरबानी होती एके काळी. रुग्णालयं म्हणत, गोपनीय आहे. रुग्णाची गोपनीय गोष्ट रुग्णापासूनच! मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली रघुनाथ रहेजा यांच्या प्रकरणात हा युक्तिवाद मोडीत काढला. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या नियमांनुसार दाखल झालेल्या रुग्णाची कागदपत्रं तीन वर्षं जपून ठेवायची, आणि रुग्णाने मागितली तर ७२ तासांत द्यायची. आणि चूक दुरुस्त कशी करायची याचा जो रिवाज आहे तो मला फार देखणा वाटतो. खाडाखोड करायची नाही, पांढरा रंग फासायचा नाही, पान फाडायचं नाही. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ ओढायची, खालचं अक्षर वाचता आलं पाहिजे अशी. शेजारी बरोबर काय ते लिहायचं. सही, तारीख, वेळ. ज्याने हाताने लिहिलेला सातबारा पाहिलाय त्याला हे ओळखीचं वाटेल. तलाठी जुन्या खातेदाराचं नाव पुसत नाही, कंसात टाकतो. आजोबा कंसात दिसत राहतात.

नीट लिहिलेल्या कागदाचं काय होऊ शकतं तेही सांगायला हवं, नाहीतर हे नुसतं गाऱ्हाणं होईल. महाडजवळच्या बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात सत्तरच्या दशकात डॉ. हिंमतराव बावस्कर नावाचा जालना जिल्ह्यातला तरुण नोकरीला लागला. कोकणात लाल विंचू चावून धडधाकट माणसं आणि पोरं मरत होती. बावस्कर त्यांच्या उशाशी बसून लिहीत राहिले: उलटी कधी झाली, घाम कधी फुटला, हातपाय गार कधी पडले, नाडी किती, श्वास किती. त्या नोंदींतून चित्र उभं राहिलं की विष शेवटी मारतं ते हृदयाच्या वाटेने. 'लॅन्सेट'ने १९८२ साली त्यांचं निरीक्षण छापलं. पुढे त्यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं साधं, स्वस्त औषध वापरून पाहिलं आणि जिथे दहातले तीन-चार दगावत तिथे मृत्यू तुरळक झाले. प्रयोगशाळा नव्हती. होता तो केसपेपरच, फक्त घाम कधी फुटला हे विचारून लिहिलेला.

आणि रुग्णाने स्वतः वाचला तर? अमेरिकेत आता डॉक्टरांच्या नोंदी रुग्णांना उघड्या असतात. नोंद वाचलेल्या जवळपास २३ हजार लोकांना विचारलं, ते निष्कर्ष २०२० साली आले: दर पाचांतल्या एकाने चूक सापडली म्हणून सांगितलं, आणि त्यातल्या चाळीस टक्क्यांहून जास्त लोकांच्या मते ती गंभीर होती. हे इंग्रजीत बोलून इंग्रजीत लिहिलेल्या कागदांबद्दल बरं का. तिथे चक्केर नाही, घाबरा नाही, नदीही नाही.

पाचव्या दिवशी आत्याला घेऊन परत गेलो. मनाशी भांडणाची तयारी करून. डॉक्टर विशीतला, डोळ्यांखाली काळं. बहुधा रात्रपाळी संपवून बसलेला. झेरॉक्स पाहिली, फाईल मागवली. "अम्मा, शुगर नहीं है?" आत्याने मान हलवली. त्याने बोटाला टोचून साखर तपासली, आकडा पाहून स्वतःशीच हसला, आणि पेन काढलं. एक रेघ. खालचं अक्षर वाचता येत होतं. शेजारी 'मधुमेह नाही' अशा अर्थाचं दोन शब्दांत लिहिलं, सही केली, तारीख घातली, घड्याळाकडे बघून दोन वीस लिहिलं. घरी नेण्याच्या कागदावरून गोळ्याही गेल्या.

आत्याने चष्मा लावून सगळं जवळून पाहिलं. "वाच बरं काय लिवलं ते." मी वरपासून वाचायला लागलो. नाव बरोबर होतं. "आणि डॉक्टर, हे वय पण जरा," मी म्हणालो, तेवढ्यात टेबलाखालून तिने माझा हात दाबला.

"ते राहू दे."